सपाट गल्लीतला चढ

आमच्या गल्लीत चढ नाही. गेवराईत शोधायला गेलं तरी चढ सापडणं अवघड, गोदावरीकाठचा सगळा सपाट मुलूख. तरी वैजनाथआप्पा रोज सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीतला चढ चढतात.

हातात दुधाची किटली घेऊन ते घराबाहेर पडतात, फाटकाची कडी लावतात आणि तिथून पुढं त्यांचं शरीर बदलतं. पाठ पुढं झुकते, पावलं आखूड होतात, मोकळा हात मांडीवर येतो. पहिला थांबा विजेच्या खांबापाशी. दुसरा कडुलिंबाखाली. तिसरा बरोबर आमच्या फाटकासमोर, आणि हा सगळ्यात लांबलचक. मग पाण्याची टाकी, मग पिठाची गिरणी, की आली डेअरी. प्रत्येक ठिकाणी आप्पा उभे राहतात, इकडंतिकडं बघतात, आणि निघताना हलकेच म्हणतात, "चल." गुडघ्यांना म्हणतात, असा गल्लीचा समज.

येताना एकही थांबा नाही. अंग मागं टाकून, टाचा रोवत, भराभर उतरतात.

मी फाटकाशी उभी राहून नीट पाहिलंय. आप्पांना दम लागलेला नसतो. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण श्वास माझ्यापेक्षा शांत. मग थांबायचं कशाला, हा प्रश्न मी माझ्या वहीत कधीच लिहून ठेवला होता.

वहीचं सांगायला हवं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळं गल्लीत सगळे मला बाई म्हणतात, आणि मला याद्या करायची सवय आहे. टँकरच्या पाळ्या, हळदीकुंकवाची बोलावणी, कोणाचं पातेलं कोणाकडं अडकलंय, सगळं वहीत. आमचे हे म्हणतात, हिच्या वहीत नाही ते गल्लीत घडलेलं नाही. हे शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळं त्यांना आप्पांचा चढ सहन होईना. एका रविवारी त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून अख्ख्या गल्लीची पातळी काढली. निघालं असं, की गल्ली डेअरीच्या बाजूला वीतभर खाली आहे. पावसाचं पाणीही तिकडंच वाहतं. म्हणजे आप्पा रोज चढतात तो उतार होता.

हे नळी हातात घेऊनच त्यांच्याकडं गेले.

"आप्पा, तुम्ही चढता तिकडं उतार आहे."

"मोजलं का?"

"मोजलं."

"मग बराबर आसंल. मोजल्याबिगर बोलू न्हाई," आप्पा म्हणाले आणि ह्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा वाकून चढायला लागले.

"मोजल्याबिगर बोलू न्हाई" हे आप्पांचं ब्रीद. सगळी नोकरी त्यांनी मोजणी खात्यात केली. शेताचे बांध, घरांच्या हद्दी, भावाभावांच्या वाटण्या. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी फीत खिशात असते. लग्नाला गेले तर मांडव मोजतात. गणपतीच्या वर्गणीतून सतरंजी आणली तेव्हा ती चार बोटं आखूड भरली, आणि आप्पांनी दुकानदाराकडून बदलून आणली. कोणी "अंदाजे" म्हणालं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. "अंदाज म्हंजी सुशिक्षित अफवा," असं म्हणतात.

नोकरीतल्या त्यांच्या कडकपणाच्या गोष्टी अजून तालुक्यात सांगतात. मोजणीला गेले की पाणी घरून न्यायचे. शेतकऱ्याचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. "बांधावर पाणी प्यालं की मोजणीची साखळी वाकती," म्हणायचे. त्यांची सासुरवाडी चकलांब्याची. तिथल्या एका बांधाची मोजणी त्यांच्यावर आली आणि त्यात एक बाजू सख्ख्या मेहुण्याची. साहेबांनी दुसरा माणूस देतो म्हटलं तर आप्पा म्हणाले, कावून? फीत तीच हाय. आणि मेहुण्याचा बांध दीड हात आत सरकवून आले. मेहुणे पुढं बारा वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. आप्पांना विचारलं तर एवढंच सांगतात, "सोयरा आसो का साहेब आसो, हात म्हंजी हात."

या माणसाची मधे तीन वर्षं कोकणात बदली झाली होती. समुद्राकाठचं जुनं बंदर, डोंगराच्या अंगावर वसलेलं. त्या गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. विसरले म्हणून नाही, माझ्या वहीत ते ठळक लिहिलेलं आहे. पण नाव का लिहीत नाही ते शेवटी कळेल, आणि कळल्यावर तुम्हीही कोणाला सांगू नका.

तर ते गाव आप्पांनी परत येताना बरोबर आणलं आणि आमच्या कॉलनीवर पसरलं. बस स्टँडला ते बंदर म्हणतात. "पुण्याची गाडी बंदरावर लागली का?" असं विचारतात. महामार्गाच्या कडेला ट्रक उभे राहतात ती जागा म्हणजे धक्का. सिमेंटच्या पोत्यांचं गोदाम म्हणजे वखार. पाण्याच्या टाकीवर लाल दिवा आहे, म्हणून ती दीपगृह. आम्हाला सवय झाली, पण नव्या माणसाचे हाल होतात. एकदा पार्सलवाल्यानं आप्पांना आमच्या घराचा पत्ता विचारला. आप्पा म्हणाले, "वर जावा. मधल्या टप्प्यावर हाय." तो भला माणूस आमच्या घराला दोन फेऱ्या मारून जिना शोधत होता. आमचं घर बैठं आहे.

पण या सगळ्यापेक्षा चमत्कारिक गोष्ट दगडाची.

आमच्याकडचं कोणी कोकणात फिरायला निघालं की आप्पा त्याच्या घरी हजर. त्या बंदराला जाणार का, एवढं विचारतात. हो म्हटलं की सांगतात, "बाजारातून वर पायऱ्यांची वाट जाती. तिच्या मधल्या टप्प्यावर डाव्या हाताला एक दगड हाय. हाय का न्हाई तेवढं बघून या. बाकी काई आणू नका."

लोक जायचे, समुद्रात उभे राहून फोटो काढायचे, काजू आणि कोकमं घेऊन परत यायचे, आणि दगड विसरायचे. आप्पा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. "दगड?" लोक ओशाळायचे. एका प्राध्यापकांनी लक्षात ठेवून फोटो काढून आणला, तर तो मैलाचा दगड निघाला. दुसऱ्यांनी आणला तो शेंदूर फासलेला कुठला तरी देव. आप्पांनी त्या फोटोला नमस्कार केला आणि म्हणाले, "ह्यो न्हाई."

गल्लीनं दगडावर बराच विचार केला. आमच्या ह्यांचं मत पडलं, खाली काहीतरी पुरलंय. समोरच्या सुमनकाकू म्हणाल्या, नवस बोललेला असणार, फेडायचा राहिला. मी दोन्ही मतं वहीत लिहिली आणि पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. दगड नवसाचा असेल तर स्वतः जाऊन यायला काय हरकत होती? मुलगा पुण्यात, गाडी करून नेतो म्हणत होता. आप्पा दर वेळी म्हणायचे, "गुडघे." जो माणूस रोज गल्लीत चढ शोधून चढतो, त्याचे गुडघे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कॉलनीची सहल ठरली. सतरा माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर, यादी अर्थात माझी. कुठं जायचं यावर तीन बैठका झाल्या आणि शेवटी आप्पांचं बंदरच ठरलं, कारण वर्षानुवर्षं ऐकून ते सगळ्यांना पाठ झालेलं होतं. आप्पांना मी सांगायला गेले तर ते कोरे कागद आणि पट्टी घेऊन बसले.

"चला की आमच्याबरोबर. एक जागा ठेवते," मी म्हटलं.

"न्हाई."

"गुडघे?"

"गुडघेच धरा." मग थोडं थांबून म्हणाले, "लई जणांला सांगितलं, बाई. कुणी बघितलं न्हाई. तुमी यादी करता. यादीत घाला."

मी त्यांच्यासमोर वही उघडली आणि लिहिलं: दगड. त्यांनी उलट्या बाजूनं वाचून पाहिलं. "पयल्या नंबरला घातला का?" मी खोडून पहिल्या नंबरला घातला. तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी आमच्या शाळेतल्या पोरांचा असतो, तसा झाला होता.

त्यांनी मला दोन फुलस्केप भरून नकाशा दिला. कुठून कुठं किती पावलं, किती मिनिटं, सगळं आखीवरेखीव. तिकडच्या पायऱ्यांच्या वाटेला पाखाडी म्हणतात, हेही कंसात. मी त्यावरूनच सहलीचं वेळापत्रक बांधलं. मोजल्याबिगर न बोलणाऱ्या माणसानं दिलेल्या वेळा, पुन्हा तपासायचं कारणच नव्हतं.

गाव खरंच सुंदर आहे. खाली बंदर, त्यावर बाजार, त्यावर उतरत्या कौलांची घरं एकाच्या खांद्यावर एक बसल्यासारखी डोंगरभर गेलेली. फिरंग्यांची पडकी वखार आहे, किल्ल्याची एक भिंत आहे, दीपगृह आहे. आता अर्ध्या घरांवर 'राहण्याची सोय' अशा पाट्या आहेत आणि आखूड चड्ड्या घातलेले लोक प्रत्येक खिडकीचा फोटो काढत हिंडतात. आमच्यातले निम्मे शाकाहारी, त्यामुळं बाजारातून जाताना नाकाला पदर. सुमनकाकूंनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "आपली गोदावरी बरी बाई. पलीकडचा काठ तरी दिसतो."

आप्पांचा नकाशा घेऊन मी पुढं. एसटी थांब्यापासून बाजार सहाशे चाळीस पावलं. मी मोजली, सहाशे पस्तीस भरली. बाजारापासून वखार दोनशे बारा, बरोबर दोनशे बारा. तीस वर्षांत दुकानं बदलली, रस्ता डांबरी झाला, पण आप्पांचं पाऊल चुकत नव्हतं. मला विलक्षण आनंद होत होता. असा नेटका माणूस जगात आणखी कोणी आहे, या विचारानंच बरं वाटतं.

आणि मग पाखाडीपाशी सगळं बिघडलं. आप्पांनी लिहिलं होतं: बाजार ते वरची खोली, म्हणजे तेव्हाची त्यांची राहती जागा, चढ, सव्वीस मिनिटं. मी सतरा माणसांना सव्वीस मिनिटं धरून जेवणाची वेळ सांगून ठेवली होती. आम्ही नऊ मिनिटांत वर. सुमनकाकू अकरा मिनिटांत, त्यासुद्धा चप्पल हातात घेऊन. वर खानावळीत चूलसुद्धा पेटली नव्हती. सगळे माझ्याकडं बघत बसले. आमचे हे म्हणाले, "वही चुकली वाटतं."

मी चिडले. खाली उतरायला आप्पांनी सहा मिनिटं लिहिली होती. मी एकटी उतरून पाहिलं, सहाच लागली. पुन्हा चढून पाहिलं, नऊ. दीपगृहाचा चढ पाहिला, तिथंही तेच, लिहिलेल्या वेळेच्या तिसऱ्या हिश्शात माणूस वर. म्हणजे सपाटीवर आप्पा बरोबर, उतारावर बरोबर, आणि फक्त चढावर चूक. तीही अशी तशी चूक नाही, एका मापाची चूक. आणि तेव्हा तर आप्पा चाळिशीतले होते, डोंगरदऱ्यांत साखळी ओढत हिंडणारे. मी वहीत लिहिलं: चढाच्या वेळा कोणाच्या?

या रागाच्या भरात पहिल्या नंबरची नोंद राहून गेली होती. मी पुन्हा पाखाडीला लागले. मधल्या टप्प्यावर डाव्या हाताला बघत.

दगड होता.

शोधावाच लागला नाही. तीनदा त्याच्या शेजारून गेले होते मी. आप्पा मोजणीवाले, म्हणून हद्दीचा दगड असणार असं मी धरलं होतं, आणि तो म्हणजे हातभर उभा, टोकदार. हा तसा नव्हता. गुडघ्याइतका उंच, पाटासारखा रुंद, वरून सपाट घडवलेला. सगळं गाव तांबड्या जांभ्याचं, आणि हा एकटा काळा. समोरच्या बाजूला छिन्नीनं फुली कोरलेली. वरचा भाग बसून बसून गुळगुळीत झाला होता. आणि गंमत म्हणजे शेजारच्या घराची कंपाउंडची भिंत सरळ येत होती, दगडापाशी पोटात वळत होती, त्याला वळसा घालून पुन्हा सरळ जात होती.

घरातली बाई कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, "हा दगड कसला हो?"

"सरकारी दगड आसा तो. तेका हात लावूचो नाय."

"आणि भिंत अशी का?"

"माझ्या सासऱ्यांनी गडगो बांधलो तेव्हा दगड मधी इलो. सरकारी वस्तू, म्हणान गडगोच वाकवलो."

"हद्द कोणाची आहे?"

"ता म्हायत नाय," ती म्हणाली आणि चिमटा लावला. "पण हद्द आसा. मागे मोजणीवाले इल्ले. तेंच्या नकाशात हो दगड गावलो नाय. खूप येळ बघल्यानी, मगे म्हणाले, नकाशातच दाखवूचो ऱवलो असतलो."

तेवढ्यात बाजारातून एक म्हातारी वर आली. पिशवी मांडीवर घेऊन दगडावर बसली, तोंडावरून पदर फिरवला, आणि दम घेत राहिली. तिथून खालचं बंदर सगळं दिसत होतं, होड्या आणि धक्का. पाखाडीवर बसण्यासारखी ती एकच जागा होती. बाकी सगळे लोकांचे ओटे.

मी आप्पांना फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

"आप्पा, दगड आहे."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"फुली हाय का?"

"आहे."

"हललेला न्हाई ना?"

"भिंत हलली आप्पा, दगड नाही." मी त्यांना वाकड्या भिंतीचं सांगितलं.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मला अपेक्षित नव्हता. "कुणी बसलंय का त्याच्यावर?"

"हो. एक आजी बसल्यात, बाजार करून आलेल्या."

"बसू द्या," आप्पा म्हणाले. "उठवू नका त्यांला." आणि फोन ठेवला.

मी त्या आजीकडं बघत उभी राहिले. ती उठली तेव्हा पुन्हा चढायला लागली, आठ-दहा पायऱ्या गेली, भिंतीला हात टेकून थांबली, पुन्हा निघाली. मी घड्याळ पाहिलं. मग वही उघडून चढाच्या वेळा पुन्हा एकदा वाचल्या. मला थोडंसं कळलं. पण मोजल्याबिगर बोलू नये, म्हणून मी गेवराईला येईपर्यंत काही बोलले नाही.

आल्या दिवशीच संध्याकाळी काजूची पुडी घेऊन आप्पांकडं गेले. दगडाचे फोटो दाखवले. ते एकेक फोटो मोठा करून बघत होते, फुली, कडा, वळलेली भिंत. भिंतीवर बराच वेळ थांबले.

मी म्हटलं, "सगळं बरोबर निघालं, आप्पा. फक्त चढाच्या वेळा चुकल्या. सव्वीसच्या जागी नऊ मिनिटं लागतात. सतरा माणसं उपाशी बसवलीत तुम्ही."

"चुकल्या न्हाईत."

"मी दोनदा मोजलं."

"तुमी तुमच्या मोजल्या. त्या तिच्या हायत."

आप्पांच्या पत्नीला आमच्यातल्या कोणीच पाहिलेलं नाही. कॉलनी बसायच्या कितीतरी आधी त्या गेल्या. घरात त्यांचा एकच फोटो आहे, लग्नातला, त्यातही मुंडावळ्यांमुळं निम्मा चेहरा झाकलेला. कलावती नाव. त्या दिवशी आप्पांनी जेवढं सांगितलं तेवढंच मला माहीत आहे.

चकलांब्यात वाढलेली मुलगी, जन्मात कधी चढ चढली नव्हती. त्यातून काळजाचं दुखणं, लहानपणीच्या तापातून राहिलेलं. बदली झाली तेव्हा त्या गावात खोली मिळाली ती डोंगराच्या माथ्यावर. खाली बघितली, मिळाली नाही. डॉक्टर म्हणाले, चढायचं तर थांबत थांबत चढा. पाच थांबे पडायचे. मधला मोठा. पण बसायला जागा नाही.

"लोकांचे ओटे होते की," मी म्हटलं.

"लाजायची. नवं गाव. तिची बोली त्यांला कळंना, त्यांची तिला. कुणाच्या ओट्यावर बसली की बाया बाहीर येऊन इचारायच्या, काय झालं, काय झालं. म्हणून उभीच ऱ्हायची भिताडाला धरून. आन् मी आपला पुढं जाऊन वरून हाका मारायचो. लवकर ये म्हणून." आप्पांनी फोन माझ्या हातात परत दिला. "एक दिवस वरून बघितलं. बाजाराची पिशवी डोक्यावर घेऊन उन्हात उभी. पिशवी खाली ठिवायला बी जागा न्हाई. लोकांच्या दारात कशी ठिवायची म्हणून."

त्याच रविवारी त्यांनी साखळी धरणारे दोन गडी घेतले, खालून काळा दगड वाहून आणवला, मधल्या टप्प्यावर खड्डा काढून बसवला आणि समोरून फुली कोरली. गावकरी जमले. आप्पांनी तोंड उघडलं नाही. फीत गळ्यात, टोपी डोक्यावर, हातात नकाशा. कोणी विचारलं, हद्द का साहेब? तर मान हलवली.

"सगळ्या नोकरीत तेवढी एक खोटी निशाणी," आप्पा म्हणाले. "सरकारी दगड म्हणलं की कुणी हात लावत न्हाई. बाकडं ठिवलं आसतं तर महिन्यात चोरीला गेलं आसतं."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

आप्पा पहिल्यांदाच हसले. "बसून बघितलं. म्हणली, माझ्या भावाचा दीड हात काढून घेतला, आन् मला दिला व्हय."

पुढं अडीच वर्षं ती त्या दगडावर बसली. आप्पा शेजारी उभे राहायचे, पिशवी धरून. हाका मारणं बंद झालं. मग धावपळ करून बदली इकडं आणली, सपाटीवर, तरी वर्षभरच मिळालं.

"मग स्वतः का गेला नाहीत बघायला इतकी वर्षं?" मला राहवलं नाही.

"गेलो आसतो आन् नसता तर?"

मोजल्याशिवाय न बोलणारा माणूस. मी वही मिटली. चढाच्या वेळांपुढं चुकीची खूण केलेली होती, ती घरी येऊन खोडली.

आता गावाचं नाव का लिहिलं नाही ते लक्षात आलं असेल. कोणी हुशार वाचक नकाशा घेऊन जायचा, दगड खोटा ठरायचा, आणि ती भिंत सरळ व्हायची.

आमच्या मागच्या अंगणात ओट्याच्या बांधकामातली एक काळी फरशी आणि चार विटा पडून होत्या. त्या रविवारी आमच्या ह्यांना हाताशी घेऊन मी त्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला रचल्या. गुडघ्याइतक्या उंच. कॉलनीच्या बैठकीत विषय घेतला नाही, वहीतही लिहिलं नाही. सुमनकाकूंनी विचारलं, "हे काय मधेच?" मी मान हलवली. हे म्हणाले, "हद्द आहे." नळीवाल्या माणसाकडून मला ही अपेक्षा नव्हती.

सोमवारी साडेसहाला मी फाटकाशी होते. आप्पा खांबापाशी थांबले, लिंबाखाली थांबले, मग आमच्यासमोर आले. फरशी दिसली. त्यांनी वाकून हात फिरवून पाहिला, खिशातून फीत काढली, उंची मोजली.

"बसा ना आप्पा," मी म्हटलं.

ते बसले नाहीत. किटली त्या हातातून या हातात घेतली आणि फरशीच्या बाजूला उभे राहिले, थोडी जागा सोडून, महामार्गाच्या दिशेला बघत. ट्रक चालले होते. किती वेळ ते मी मोजलं नाही.

मग फरशीकडं वळून ते हलकेच म्हणाले, "चल."

गुडघ्यांना नाही.